डोळ्याच्या कॅन्सरवरील संशोधकाची प्रकाशनसूची: आकडा सर्वांत शेवटी

संशोधकाचं नाव पबमेडच्या (वैद्यकीय शोधनिबंधांची इंटरनेटवरची मोफत सूची) चौकटीत टाकायचं, वर जो आकडा दिसेल तो उतरवायचा आणि ‘यांच्या नावावर अमुक इतके शोधनिबंध’ असं लिहून मोकळं व्हायचं. ओळखपत्रकं, निवड समित्यांची टिपणं, व्याख्यानाआधीचे परिचय या सगळ्यांत तो आकडा असाच पोहोचतो आणि बहुतेक वेळा चुकलेला असतो. कधी भलत्याच माणसाचे लेख आत शिरलेले असतात, तर कधी त्याच माणसाचं सर्वांत महत्त्वाचं काम बाहेर राहिलेलं असतं.

मीही या खड्ड्यात पडलो आहे. एका संशोधकाची यादी करताना त्याच आडनावाच्या आणि त्याच आद्याक्षरांच्या दुसऱ्या डॉक्टरांचे लेख मी बिनदिक्कत आत घेतले. दोघंही नेत्रतज्ज्ञ, दोघांचाही विषय दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा. एक गाठींवर काम करणारे, दुसरे मधुमेहामुळे होणाऱ्या दृष्टिपटलाच्या आजारावर. यादी छापून गेल्यावर ज्यांची यादी होती त्यांनीच शांतपणे विचारलं, “हे इतके लेख मी कधी लिहिले?” तेव्हापासून क्रम ठरून गेला: आधी माणूस, मग विषय, मग शोध, मग चाळणी, मग वाचन. मोजणी शेवटी. खाली तोच क्रम दिला आहे.

तयारी: शोध सुरू करण्याआधी

यादी कशासाठी हवी, ते एका ओळीत लिहून ठेवा. कुणाची संपूर्ण प्रकाशनसूची करणं आणि त्याचं डोळ्याच्या कॅन्सरमधलं योगदान समजून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात मोतीबिंदूवरचा लेखही येतो, दुसऱ्यात येत नाही. डॉक्टर निवडण्यासाठी यादी काढणार असाल, तर एवढं लक्षात घ्या: शोधनिबंधांच्या संख्येवरून शस्त्रक्रियेतला हात कळत नाही. फार तर हा माणूस कोणत्या गाठींवर सतत काम करतो, एवढं कळतं.

मग एक तक्ता उघडा. माझ्या तक्त्यात हे रकाने असतात: पबमेड क्रमांक, डीओआय (प्रत्येक लेखाचा इंटरनेटवरचा कायमचा ओळखक्रमांक), शीर्षक, नियतकालिक, वर्ष, लेखाचा प्रकार, कोणती गाठ, लेखकांच्या क्रमातलं स्थान, रुग्णसंख्या, रुग्ण कोणत्या केंद्रातले आणि कोणत्या वर्षांतले, आणि शेवटी ‘शेरा’. शेवटचे तीन रकाने अनेकांना जास्तीचे वाटतात. पाचव्या पायरीवर तेच कामी येतात.

पायरी १: माणूस नक्की करा

पबमेडमध्ये लेखकाचं नाव आडनाव आणि आद्याक्षरं अशा रूपात साठवलेलं असतं. पूर्ण नाव शोधता येतं, पण साधारण २००२ पासूनच्या लेखांसाठीच. त्याआधीचं काम फक्त आद्याक्षरांवर सापडतं.

याच क्षेत्रातली दोन उदाहरणं पाहा. फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलमधल्या कॅरोल शिल्ड्स आणि जेरी शिल्ड्स हे पती-पत्नी. दोघंही डोळ्याच्या गाठींचे तज्ज्ञ आणि असंख्य लेखांवर दोघांचीही नावं. एक ‘शिल्ड्स सी एल’, दुसरे ‘शिल्ड्स जे ए’. नुसतं आडनाव टाकलंत तर दोघं एकत्र येतात. एकाच लेखावर दोघं असतील तर तो दोन वेळा मोजला जाण्याची शक्यता वेगळीच. दुसरं उदाहरण जे. विल्यम हार्बर यांचं. त्यांना ओळखतात विल्यम म्हणून, पण नोंदीत पहिलं आद्याक्षर जे आहे. ‘हार्बर डब्ल्यू’ असं शोधणाऱ्याच्या हाती त्यांचं काम लागत नाही.

म्हणून शोधाआधी नावाच्या सगळ्या रूपांची यादी करा:
- मधल्या आद्याक्षरासह आणि त्याशिवाय
- लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव
- जोडआडनाव, जोडरेषेसह आणि जोडरेषेविना
- नावामागे ‘ज्युनिअर’ असेल तर तेही
- दुसऱ्या लिपीतून इंग्रजीत आलेलं नाव असेल, तर स्पेलिंगचे पर्याय

मग ऑर्किड (ORCID) क्रमांक शोधा. संशोधकांना दिला जाणारा हा सोळा अंकी ओळखक्रमांक २०१२ पासून दिला जातो. संशोधकाने तो नीट भरून ठेवला असेल तर निम्मं काम झालं. पण ऑर्किडची यादी बहुधा संशोधक स्वतः भरतो किंवा आपोआप भरू देतो. कित्येक जण एकदा खातं उघडतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. त्यामुळे ऑर्किडवर लेख नाही म्हणून तो लिहिलाच नाही, असं समजू नका.

सावधान: संस्थेच्या नावावरून माणूस ओळखायला जाल तर जुन्या लेखांत फसाल. १९८८ ते २०१३ या काळात पबमेडमध्ये फक्त पहिल्या लेखकाची संस्था नोंदली जायची. सगळ्या लेखकांच्या संस्था २०१४ पासून येऊ लागल्या. तुमचा संशोधक २००५ च्या लेखात चौथा लेखक असेल, तर संस्थेच्या चाळणीतून तो लेख गळून पडतो. जुन्या नोंदींत लेखकांची संख्याही मर्यादित होती: १९८४ ते १९९५ दहा नावं, १९९६ ते १९९९ पंचवीस. मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात पंधराव्या क्रमांकावर असलेल्या माणसाचं नाव अशा नोंदीत नसू शकतं. अशा वेळी छापील लेखाचं पहिलं पान उघडण्याला पर्याय नाही.

तपासा: निःसंशय याच माणसाचे पाच लेख निवडा, शक्यतो वेगवेगळ्या दशकांतले. नावाच्या तुमच्या यादीने ते पाचही सापडतात का? एक जरी निसटला तरी पुढे जाऊ नका. तो का निसटला ते आधी शोधा.

पायरी २: ‘डोळ्याचा कॅन्सर’ म्हणजे काय, ते ठरवा

हा एक आजार नाही. मुलांच्या दृष्टिपटलातला रेटिनोब्लास्टोमा, मोठ्या माणसांतला युव्हियाचा मेलानोमा (रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर; युव्हिया म्हणजे डोळ्याचा मधला थर, त्यात कोरॉइड, सिलिअरी बॉडी आणि आयरिस येतात), बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातल्या गाठी, पापणीचे कॅन्सर, डोळ्याच्या खोबणीतल्या गाठी, डोळ्यातला लिम्फोमा आणि शरीरात इतरत्र सुरू होऊन कोरॉइडमध्ये पसरलेला कॅन्सर, असं सगळं त्यात येतं. शेवटचा प्रकार यादीत घ्यायचा की नाही यावर मतभेद असतात. मी घेतो, पण शेऱ्यात ‘दुय्यम’ असं लिहितो.

आता सर्वांत मोठी ठेच. ‘रेटिनोब्लास्टोमा’ हा शब्द दिसला की लेख डोळ्याचा, असं समजू नका. याच आजाराच्या अभ्यासातून सापडलेल्या जनुकावरून एका प्रथिनाला रेटिनोब्लास्टोमा प्रथिन म्हणतात. पेशी कधी विभागायची यावर ते लगाम ठेवतं, त्यामुळे फुप्फुसाच्या, स्तनाच्या, हाडांच्या कॅन्सरवरच्या असंख्य लेखांत ते येतं. पेशीचक्रावर काम करणाऱ्या एखाद्या जीवरसायनशास्त्रज्ञाला यादीत ‘नेत्रकर्करोग तज्ज्ञ’ करून टाकलेलं मी पाहिलं आहे. त्यांनी आयुष्यात एकही डोळा तपासला नसावा. पबमेडच्या विषयसूचीत आजार आणि प्रथिन यांची शीर्षकं वेगळी आहेत. पबमेडमधल्या नोंदीच्या तळाशी ती पाहून घ्या.

उलटी चूकही होते. शीर्षकात ‘कॅन्सर’ किंवा ‘डोळा’ यांतला एकही शब्द नसलेले लेख थेट याच विषयाचे असतात. डोळ्यावर किरणोत्सर्गी चकती शिवून केलेल्या उपचारानंतर दृष्टी किती टिकली, कोरॉइडवरचा तीळ कधी वाढतो, बीएपी१ जनुकातला बदल कुणात आढळतो हे सगळं आपलंच आहे.

पायरी ३: शोध घ्या, पण विषयाची चाळणी लावू नका

इथे माझं मत रूढ सल्ल्याच्या उलट आहे. ग्रंथालयात शिकवतात की लेखक आणि विषय एकत्र जोडून शोधा. एका माणसाच्या यादीसाठी मला ते पटत नाही. एकाच संशोधकाचे लेख हाताने चाळता येतील इतकेच असतात. विषयाची अट घातली की, जे लेख अजून विषयसूचीत नोंदले गेलेले नाहीत किंवा ज्यांत शब्द वेगळा वापरला आहे, ते गुपचूप गळतात. गळालेला लेख दिसत नाही. आत आलेला चुकीचा लेख मात्र दिसतो आणि काढताही येतो.

क्रम असा ठेवा:

१. पबमेडमध्ये आडनाव, मग आद्याक्षरं आणि पुढे चौकोनी कंसात लेखकाची खूण असलेली ‘ए यू’ ही अक्षरं. नाव अवतरणचिन्हांत नसेल तर पबमेड पुढची आद्याक्षरंही आपोआप जोडून घेतं: ‘शिल्ड्स सी’ टाकलं तरी ‘शिल्ड्स सी एल’ येतं. अवतरणात टाकलंत की नेमकं तेवढंच. आधी अवतरणाविना शोधा.

२. नावाची सगळी रूपं ‘ओआर’ने (इंग्रजी ‘OR’, म्हणजे ‘किंवा’) जोडून एकच शोध करा. वेगवेगळे शोध करून आकड्यांची बेरीज केलीत तर दुबार नोंदी आत येतात.

३. मग स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या आणि उद्धरणांच्या सूच्यांमधलं लेखकाचं पान पाहा. तिथे संगणकाने लेख गोळा करून एका माणसाच्या खात्यात टाकलेले असतात. एकाच माणसाची दोन-तीन खाती असणं आणि दोन माणसांचं एकच खातं असणं, दोन्ही प्रकार होतात.

४. गूगल स्कॉलर (गूगलचा शोधनिबंध शोधणारा भाग) शेवटी. पुस्तकांतली प्रकरणं, परिषदांचे सारांश, प्रबंध तिथे सापडतात. कचराही तिथेच सापडतो.

फारच प्रचलित नाव असेल तरच विषयाची चाळणी वापरा. सिंग, वांग, किम, ली अशा आडनावांपुढे एकच आद्याक्षर असेल तर दुसरा इलाज नसतो. तेव्हाही विषयसूचीतलं शीर्षक आणि साधा शब्द, दोन्ही ‘ओआर’ने जोडा. ‘ट्यूमर’चं अमेरिकी आणि ब्रिटिश स्पेलिंग वेगळं आहे, हेही विसरू नका.

तपासा: शोध ज्या दिवशी केला ती तारीख आणि वापरलेली ओळ जशीच्या तशी तक्त्याच्या वर लिहून ठेवा. महिन्याभराने आकडा बदललेला दिसेल, तेव्हा भांडण टळेल.

पायरी ४: दुबार नोंदी आणि प्रकार

आता हातात कच्ची यादी आहे. आधी डीओआयनुसार लावा आणि दुबार नोंदी काढा. ज्यांना डीओआय नाही ते शीर्षकानुसार. लेख आधी इंटरनेटवर येतो आणि मग अंकात छापला जातो, त्यामुळे एकाच लेखावर डिसेंबर आणि पुढच्या वर्षीचा मार्च अशा दोन तारखा दिसतात. कोणतं वर्ष धरायचं ते एकदाच ठरवा. मी अंकाचं वर्ष धरतो. प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच इंटरनेटवर टाकलेला मसुदा) आणि नंतर छापलेला लेख, दोन्ही असतील तर छापलेला ठेवायचा आणि प्रीप्रिंटची नोंद शेऱ्यात जाते.

नियतकालिकांची नावंही बदलतात. ‘आर्काइव्ह्ज ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’ २०१३ पासून ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ झालं. ही दोन वेगळी नियतकालिकं आहेत असं समजून ‘इतक्या वेगवेगळ्या नियतकालिकांत लेखन’ असं लिहिलेलं दिसतं.

मग प्रत्येक नोंदीला प्रकार द्या: मूळ संशोधन, रुग्णमालिका (अनेक रुग्णांचा एकत्र आढावा), एका रुग्णाची हकिकत, आढावा, संपादकीय, वाचकपत्र, पत्राला उत्तर, शुद्धिपत्र, परिषदेतला सारांश, पुस्तकातलं प्रकरण. शुद्धिपत्र म्हणजे लेख नव्हे. वाचायला सोपं वाटतं, पण यादीत त्यांची स्वतंत्र ओळ असते आणि मोजताना ती सहज आत येते. एकाच रुग्णाच्या हकिकतीला कमी लेखू नका. इतक्या दुर्मीळ आजारांत एखादी नेमकी हकिकत खूप काही शिकवून जाते. फक्त तिला रुग्णमालिकेच्या रांगेत बसवू नका.

सावधान: मागे घेतलेला लेख पबमेडमध्ये तसाच दिसतो, वर फक्त एक ठळक पट्टी असते. यादी दुसरीकडे उतरवली की ती पट्टी नाहीशी होते. म्हणून उतरवण्याआधी प्रत्येक नोंद उघडून पाहा. असा लेख सापडला तर यादीतून गुपचूप खोडू नका. वेगळ्या विभागात, मागे घेतल्याचं स्पष्ट लिहून ठेवा.

पायरी ५: तेच रुग्ण पुन्हा पुन्हा

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

रेटिनोब्लास्टोमा साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. युव्हियाचा मेलानोमाही तसाच विरळा. त्यामुळे मोठ्या केंद्रांत वर्षानुवर्षं रुग्णांची एकच नोंदवही वाढत जाते आणि तिच्यातून दृष्टीवर एक लेख, पसरण्यावर दुसरा, गाठीच्या जाडीवर तिसरा, तरुण रुग्णांवर चौथा असे लेख निघतात. त्यात गैर काहीच नाही. चूक होते वाचणाऱ्याची, जेव्हा तो चारही लेखांतले रुग्ण एकत्र करतो.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे अमेरिकेतला कोलॅबोरेटिव्ह ऑक्युलर मेलानोमा स्टडी, म्हणजे डोळ्याच्या मेलानोमावरचा अनेक केंद्रांचा अभ्यास. मध्यम आकाराच्या गाठींसाठी डोळा काढणं आणि आयोडीन-१२५ची चकती बसवणं यांची तुलना १,३१७ रुग्णांवर झाली. मृत्युदराचा पहिला अहवाल २००१ मध्ये आला, बारा वर्षांच्या पाठपुराव्याचा २००६ मध्ये. दोन अहवाल, रुग्ण तेच. मोठ्या गाठींची चाचणी वेगळी होती, १,००३ रुग्णांची. या अभ्यासाने आपल्या अहवालांना क्रमांक दिले, त्यामुळे नातं लगेच कळतं. बहुतेक केंद्रांच्या लेखांत तशी सोय नसते.

म्हणून प्रत्येक रुग्णमालिकेचा ‘पद्धती’ हा भाग उघडा आणि तीन गोष्टी तक्त्यात भरा: केंद्र, रुग्ण घेतल्याचा कालखंड, संख्या. मग केंद्रानुसार तक्ता लावा. कालखंड एकमेकांवर चढत असतील तर शेऱ्यात एकच अक्षर द्या, म्हणजे ‘क’ गटातले सगळे लेख एकाच नोंदवहीतले आहेत हे डोळ्यांना दिसेल. सारांशावर विसंबू नका. कालखंड बऱ्याचदा त्यात नसतो.

पायरी ६: लेखकाचं स्थान

वैद्यकातल्या प्रघाताप्रमाणे पहिल्या लेखकाने काम केलेलं असतं आणि शेवटच्याने बहुधा ते चालवलेलं असतं. संशोधकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘पहिला’ जास्त आणि नंतर ‘शेवटचा’ जास्त, असा सरकता क्रम दिसला तर यादी नैसर्गिक आहे. पण प्रघात म्हणजे नियम नव्हे. ‘पहिल्या दोघांचं योगदान समान’ ही टीप लेखाच्या पहिल्या पानाच्या तळाशी असते, पबमेडच्या यादीत ती सहज नजरेतून सुटते.

गटाच्या नावाने छापलेले लेख वेगळे मांडा. वर सांगितलेल्या अभ्यासाच्या अहवालांत गटाचं नाव लेखक म्हणून येतं आणि डॉक्टरांची नावं सहभागी म्हणून. सहभागी म्हणजे लेखक नव्हे. ज्यांनी रुग्ण पाठवले आणि ज्यांनी लेख लिहिला, त्यांच्यातली ही रेघ यादीत पुसली जाऊ नये.

पायरी ७: आता मोजा

एच-इंडेक्स हे माप होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलं. एच २० म्हणजे किमान २० लेखांना प्रत्येकी किमान २० उद्धरणं (इतर लेखांनी केलेले उल्लेख) मिळाली आहेत. गूगल स्कॉलरचा आकडा जवळजवळ नेहमी स्कोपसपेक्षा मोठा येतो, कारण ते प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली उद्धरणंही धरतं. एकाचा स्कॉलरमधला आणि दुसऱ्याचा स्कोपसमधला आकडा शेजारी मांडू नका. हृदयविकारावरच्या संशोधकाशीही तुलना नको. दुर्मीळ आजारावर लिहिणारेच थोडे, मग उद्धृत करणारे कुठून येणार?

या मापाची मर्यादा एकाच नोंदीवरून दिसते. अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांच्या माहितीवरून मांडलं की गाठ व्हायला जनुकाला दोन धक्के लागतात. आनुवंशिक प्रकारात पहिला धक्का जन्मतःच बसलेला असतो. तक्त्यात ती ओळ अशी भरते: लेखक एकच, नोंदीत नावामागे ‘ज्युनिअर’, प्रकार सांख्यिकी विश्लेषण, रुग्ण ४८. पुढे कॅन्सरच्या जनुकशास्त्राचा एक मोठा भाग या निबंधावर उभा राहिला. त्यांनी आयुष्यात एवढाच निबंध लिहिला असता, तर त्यांचा एच-इंडेक्स भरला असता १.

पायरी ८: लिहून काढा

आकडा सुटा देऊ नका. वाक्य साधारण या साच्यात बसवा: ‘अमुक तारखेपर्यंत पबमेड आणि स्कोपसमध्ये मिळून इतके लेख; त्यांपैकी डोळ्याच्या गाठींवर इतके; त्यांत मूळ संशोधन आणि रुग्णमालिका इतक्या, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून इतके. परिषदांचे सारांश, शुद्धिपत्रं आणि वाचकपत्रं धरलेली नाहीत.’ लांबलचक आहे, पण यातला प्रत्येक तुकडा कुणीही तपासू शकतो.

संशोधक हयात असतील तर यादी त्यांना एकदा दाखवा. काय निसटलं हे विचारण्याआधी ‘यातलं काय तुमचं नाही?’ असं विचारा. निसटलेलं ते स्वतःहून सांगतातच.

शेवटी पबमेडमध्ये खातं उघडून तुमचा शोध जतन करा, म्हणजे नवा लेख आला की ईमेल येईल. जतन केलेल्या ओळीत नावाची सगळी रूपं आहेत ना, आणि एखादं अवतरणचिन्ह चुकून राहिलं नाही ना, हे पहिल्या ईमेलनंतर पुन्हा पाहा.